स्क्रॅच-रेझिस्टंट क्लिअर कोट घरीच पॉलिश करायचाय? मग तासाभराचा हिशोब विसरा

आमच्या मामाने दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड मर्सिडीज सी-क्लास घेतली, २०१२ ची, काळी. राहतो घोडबंदर रोडला कासारवडवलीत, म्हणजे समोर मेट्रो ४ चं काम, बाजूला टॉवरांची बांधकामं, रोज सकाळी काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी सिमेंटची पावडर. गाडी विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं की साहेब हा स्क्रॅच-रेझिस्टंट पेंट आहे, याला ओरखडा पडतच नाही. सहा महिन्यांनी रात्री पेट्रोल पंपाच्या लाईटखाली बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसायला लागलं आणि मामाचा फोन आला, "अरे तू ते मशीन घेऊन ये ना रविवारी, तासाभराचं काम आहे."

तीन रविवार गेले. मी माझी स्वतःची जपानी गाडी चारेक वेळा पॉलिश केलेली आहे त्यामुळे मला वाटलेलं आपल्याला येतं सगळं, पण हा पेंट म्हणजे वेगळंच प्रकरण निघालं. जे शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे स्क्रॅच-रेझिस्टंट हे एकच लेबल लावून दोन एकदम उलट्या स्वभावाचे क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) विकले जातात आणि आपला कुठला ते कळल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. एक कडकवाला. मर्सिडीजने २००३ च्या शेवटी असा क्लिअर कोट आणला ज्यात सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असतात, भट्टीत सुकताना ते वरच्या थरात घट्ट जाळं विणतात आणि तो वरचा थर टणक होतो. मामाच्या गाडीचा त्याच घराण्यातला, हाताखाली तरी तसाच लागला. दुसरा लवचिकवाला. निसानने २००५ मध्ये स्क्रॅच शील्ड नावाने जाहीर केला तो असा, लेक्सस-टोयोटाच्या काही गाड्यांनाही असाच येतो. यात रेझिन रबरासारखं ताणलं जातं आणि बारीक ओरखडा उष्णतेने हळूहळू आपोआप भरून येतो, निसानने तर एक दिवस ते आठवडा असा वेळ सांगितला होता, ओरखडा किती खोल आणि हवा किती गरम त्यावर.

तुमची गाडी या दुसऱ्या प्रकारातली असेल तर आधी काहीच करू नका. खरंच सांगतोय. स्वच्छ धुवा आणि चार दिवस उन्हात उभी करा, ठाण्याच्या उन्हाचा एवढा एक तरी उपयोग होऊ दे. थंडीचे दिवस असतील तर त्या जागेवर गरम पाणी हळूहळू ओता, उकळतं नाही, अंघोळीपेक्षा थोडं जास्त कढत. त्यानंतर जे उरेल तेवढंच पॉलिश करायचं, तेही मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश, कमी स्पीड आणि कमी वेळ, कारण हा कोट गरम झाला की चिकट वागतो आणि पॉलिश त्याच्यावर ओढल्यासारखं होतं. तुमची कुठली ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा ब्रोशरमध्ये बहुतेक लिहिलेलं असतं, बघा. आणि मॅट पेंट असेल तर इथेच थांबा, मॅटला पॉलिश केलं की तिथे चमकदार डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. पीपीएफ (पेंटवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावलेली असेल तरी कंपाउंड (जास्त कापणारं, जहाल पॉलिश) नको.

आता कडकवाल्याबद्दल, कारण खरी हमाली तिथे आहे.

कडक क्लिअर कोटाचं गणित असं आहे की त्याला ओरखडा पडायला कष्ट पडतात आणि म्हणूनच तो काढायलाही तेवढेच कष्ट पडतात. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नाही, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर घासून खाली आणणं. कंपनीच्या पेंटचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात, त्यातला क्लिअर ३५ ते ५० च्या आसपास, आपल्या डोक्याचा केस याहून जाड असतो. आणि वर सांगितलं तसं सिरॅमिकवाल्या कोटात सगळ्यात भक्कम भाग वरचाच, म्हणजे तुम्ही जे घासून काढताय तोच चांगला माल आहे. त्यामुळे १०० टक्के ओरखडे काढायचा हट्ट सोडा, ७०-८० टक्के गेले की गाडी उन्हात मस्त दिसते, बाकीचे तुमच्याशिवाय कोणी शोधत बसत नाही.

नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशचा नाही, टच-अपचा आहे. नख नाही अडकलं तर त्यावर पाणी लावा, ओलं असताना गायब झाला म्हणजे क्लिअरमध्येच आहे, प्रयत्न करायला हरकत नाही. पेंट थिकनेस मीटर कोणाकडून उसना मिळाला तर फार चांगलं, पण साधं मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिक बंपरवर आणि ॲल्युमिनियमच्या पॅनलवर काहीच सांगत नाही. एखाद्या दारावर एकदम २००-२५० दिसलं म्हणजे ते पुन्हा रंगवलेलं आहे, ४०० च्या वर गेलं तर आत लांबीसुद्धा (खड्डे भरायची पुट्टी) आहे. याचं महत्त्व मला नंतर कळलं, त्याकडे येतो.

धुणं. यावर मी जरा जास्त बोलणार कारण निम्मं काम इथेच होतं. सोसायटीत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असेल तर ते क्षारांनी भरलेलं असतं, ते गाडीवर वाळलं की पांढरे गोल गोल डाग राहतात आणि लोक त्यालाच स्क्रॅच समजून कंपाउंड घासतात. आधी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून कापडाने लावा, मिनिटभर ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने काढा. ताजे डाग याने जातात. मग दोन बादल्या, एकीत कार शांपू, दुसरीत साधं पाणी, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शांपूत. वरून खाली यायचं, सिल (दाराखालची पट्टी) आणि बंपरचा खालचा भाग शेवटी. पाणी सोसायटी देत नसेल तर चार बादल्यांत होतं, आमच्याकडे सेक्रेटरी काका गॅलरीतून मोजत होते, पाचव्या बादलीला हाक आली असती.

धुतल्यावर हात एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला (बंदी असली तरी घरात एखादी सापडतेच) आणि बॉनेटवरून फिरवा. बारीक रवा लागल्यासारखं वाटलं तर पेंटमध्ये कण रुतलेले आहेत. मामाचं ऑफिस स्टेशनजवळ, गाडी दिवसभर रुळांच्या बाजूला उभी असते, लोकलच्या ब्रेकचा लोखंडी चुरा उडत असतो. आयर्न रिमूव्हर मारल्यावर काळ्या गाडीवरून जांभळे ओघळ आले ते बघून मामी वरून ओरडली, अरे रंग गेला! रंग नाही जात, लोखंडाशी रिॲक्शन होऊन ते जांभळं होतं. चार-पाच मिनिटांत धुवून टाका. मग क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर शांपूच्या पाण्यावर, अजिबात जोर न लावता, आणि दर थोड्या वेळाने क्ले मळून स्वच्छ बाजू वर घ्यायची. क्ले जमिनीवर पडला तर हळहळत बसू नका, फेकून द्या, पार्किंगमधली वाळू त्यात अडकली की तो सँडपेपर झाला.

आता मशीन. हाताने कडक क्लिअर पॉलिश होत नाही, टूथपेस्टने तर नाहीच नाही, मामाने दोन ट्यूबा संपवलेल्या होत्या माझ्या आधी. गॅरेजवाले वापरतात ती रोटरी एकाच जागी गोल फिरते, पटकन कापते पण पटकन गरमही करते, नवख्याच्या हातात कडेचा पेंट जाळते नाहीतर हॉलोग्राम सोडते, म्हणजे उन्हात दिसणाऱ्या त्या लाटा. घरी डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिशर घ्या, जे फिरता फिरता डगमगतं पण. १५ एमएम थ्रोचं (थ्रो म्हणजे डगमगण्याचा घेर) असलं तर उत्तम, ८ एमएमने कडक पेंटवर दिवस सरेल. सोबत ५ इंची बॅकिंग प्लेट (ज्यावर पॅड चिकटतो ती), दोन-तीन मायक्रोफायबर कटिंग पॅड, दोन मऊ फोम पॅड, एक कटिंग कंपाउंड, एक फिनिशिंग पॉलिश. मी मेग्वायर्सचं एम१०५ आणि मग एम२०५ वापरलं, मेन्झर्नाचं ४०० पण लोक वापरतात, तुम्हाला जे ओरिजिनल मिळेल ते घ्या.

जागा सावलीतली हवी, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. आम्ही रात्री नऊनंतर स्टिल्टमध्ये केलं, डासांनी फोडून काढलं पण पत्रा थंड होता. वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन ओढलं तर वायर ओल्या फरशीवरून नेऊ नका आणि मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका, पेंटवर घासली की नवीन ओरखडा. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या नव्या दिसतात, त्यावर विश्वास नको, एलईडी टॉर्च तिरपी धरा, मोबाईलचा फ्लॅशपण चालतो. काळं प्लॅस्टिक, रबर, लोगो आणि दारा-बॉनेटच्या कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेलं कंपाउंड पांढरं होऊन बसतं, मी वायपरखालच्या जाळीला टेप विसरलो ते आजपर्यंत टूथब्रशने काढतोय.

टेस्ट स्पॉट. हे वगळू नका. बॉनेटवर दीड बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा आणि सगळे प्रयोग त्यातच करा. सुरुवात कायम सगळ्यात सौम्य जोडीने, फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. माझ्या जपानी गाडीवर एवढ्यात काम झालं असतं. मामाच्या गाडीवर चाळीस मिनिटं झाली, मामा खुर्ची टाकून बसलेला, चहा झाला, आणि जाळं जसंच्या तसं. जरासुद्धा फरक नाही. मग एक एक पायरी वर, तोच पॅड आणि कटिंग कंपाउंड, थोडा फरक. मग मायक्रोफायबर पॅड आणि कटिंग कंपाउंड, आणि टॉर्च मारली तर टेपच्या एका बाजूला जाळं आणि दुसऱ्या बाजूला आरशासारखा काळा, मधे टेपची रेघ. मामा खुर्चीवरून उठला तो तेव्हा.

करायचं कसं ते नीट सांगतो. नवीन पॅडवर पहिल्यांदा कंपाउंड सगळीकडे बोटाने पसरवून घ्या, कोरडा राहिला तर घासतो. त्यानंतर प्रत्येक चौकोनाला हरभऱ्याएवढे चार थेंब पुरतात. पॅड आधी पेंटवर टेकवायचा आणि मग मशीन चालू करायचं, हवेत चालू केलं तर भिंतीपर्यंत शिंतोडे. स्पीड एक-दोनवर सगळीकडे फासून घ्या, मग चार-पाचवर. हात सावकाश, सेकंदाला इंच-दीड इंच, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. आधी आडवे, मग उभे, असे चार ते सहा वेळा. सगळ्यांची चूक इथेच होते, हात पोछा मारल्यासारखा भरभर फिरतो. दुसरी चूक दाबायची. कडक पेंट आहे म्हणून अंगातला सगळा जोर लावला की डीएचं पॅड फिरायचंच थांबतं, नुसतं थरथरतं, आणि थरथरून काही कापलं जात नाही. बॅकिंग प्लेटच्या कडेला स्केच पेनने एक रेघ मारून ठेवा, ती फिरताना दिसली पाहिजे, दिसेनाशी झाली की जोर कमी करा. वाकड्या भागावर पॅड एका बाजूला कलंडलं तरी हेच होतं.

एक चौकोन झाला की हात ठेवून बघा. कोमट ठीक आहे, हात ठेववत नसेल तर थांबा, पंखा लावा, दुसऱ्या पॅनलकडे जा. पुसून झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पाचास एक असं पातळ करून मारा आणि मगच टॉर्चने तपासा, कारण कंपाउंडमधलं तेल ओरखड्यात बसून त्यांना लपवतं आणि आठवड्याने धुतलं की सगळे परत हजर. लोक म्हणतात ना, गॅरेजमधून रबिंग करून आणली आणि महिन्यात होती तशी झाली, त्यातल्या बऱ्याच वेळा हेच झालेलं असतं.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झटकायचा. मायक्रोफायबरचे धागे कंपाउंड आणि घासलेल्या क्लिअरच्या लगद्याने गच्च होतात, मग तो पॅड कापत नाही, नुसता गरम करतो. कडक पेंटवर काम होत नाही म्हणून लोक आणखी जहाल कंपाउंड आणायला पळतात, त्याआधी पॅड स्वच्छ करून किंवा बदलून बघा, दहातल्या सात वेळा तेवढ्याने चालतं. बॉनेटला आम्हाला दीड तास लागला आणि पॅड तीन.

आता ती मीटरची गोष्ट. दुसऱ्या रविवारी माझा हात बसला होता, पुढच्या बंपरवर तीच जोडी लावली, मायक्रोफायबर आणि कंपाउंड, स्पीड पाच. दोन-तीन फेऱ्यांत तिथे पांढुरका धूर धरल्यासारखा दिसायला लागला आणि पेंट मऊ लागतोय असं हाताला जाणवलं. थांबलो म्हणून वाचलो. बंपर आधीच्या मालकाने कधीतरी ठोकून पुन्हा रंगवून घेतला होता, आणि बाहेर रंगवलेल्या पॅनलवर कंपनीचा तो भट्टीतला कडक क्लिअर नसतो, साधा असतो, कितीतरी मऊ. त्यात बंपर प्लॅस्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, एकाच जागी साठवतो. मीटर प्लॅस्टिकवर चालत नाही म्हणून कळायला मार्ग नव्हता, पण मला प्रत्येक पॅनलवर नवीन टेस्ट स्पॉट घ्यायला काय झालं होतं? जुन्या गाडीवर, त्यातही बंपर, फेंडर आणि मागच्या दारांवर, आधी सौम्य जोडीच लावून बघा. तो बंपर शेवटी नुसत्या फोम आणि फिनिशिंग पॉलिशने पाऊण तासात छान झाला.

कटिंग झालं की गाडी तुम्हाला चमकदार वाटेल पण काळ्या रंगावर टॉर्च मारली की बारीक धूसरपणा दिसतो, तो मायक्रोफायबर पॅडने सोडलेला असतो. त्यासाठी मऊ फोम, फिनिशिंग पॉलिश, स्पीड तीन-चार, जोर फक्त मशीनच्या वजनाचा, तीन-चार फेऱ्या. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीला हे नाही केलं तरी कोणाला कळणार नाही. काळ्या, गडद निळ्या, मरूनला करावंच लागतं.

वरून संरक्षण. पुन्हा एकदा त्याच पातळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वॅक्स, सीलंट किंवा स्प्रे सिरॅमिक, खिशाप्रमाणे. कडक क्लिअर आहे म्हणून याची गरज नाही असं नाही, क्षार आणि पक्ष्यांची विष्ठा कडकपणाला विचारत नाहीत. मात्र ९एच कोटिंगवाला हिऱ्यासारखं कडक वगैरे सांगायला लागला तर ९एच हा पेन्सिलीच्या शिशाचा नंबर आहे एवढं लक्षात असू द्या. सिरॅमिक लावायचं तर पावसाळ्याच्या तोंडावर नको, लावल्यावर किमान एक दिवस पाणी लागता कामा नये आणि जूनमध्ये ठाण्यात ते कोणाच्या हातात आहे.

आणि मुळात जाळं आलं कुठून? मी तिसऱ्या रविवारी सकाळी सहाला खाली उतरलो तर गाडी पुसणारा दादा एकच बादली आणि एकच फडकं घेऊन ओळीने बावीस गाड्या पुसत होता, आमची एकोणिसावी. आधीच्या अठरा गाड्यांचं सिमेंट त्या फडक्यात. त्याची काय चूक, त्याला गाडीमागे महिन्याला मिळतं किती. आम्ही त्याला चार मायक्रोफायबर दिले, फक्त या गाडीचे, आणि सांगितलं की दादा रोज काचाच पुस, बॉडीला आठवड्यातून एकदा पाणी मारून मग हात लाव, पैसे तेवढेच. तो खुश, गाडीही खुश. मामा मात्र परवाच कबुतराची घाण खिशातल्या रुमालाने खरवडताना सापडला. ती ओल्या टिश्यूने झाकायची, दोन मिनिटं भिजू द्यायची आणि मग उचलायची, पुसायची नाही. तरी करतोच.

पॅड त्याच रात्री कोमट पाण्यात शांपू घालून धुवा, कंपाउंड वाळलं की दगड होतं. पिळायचे नाहीत, दाबून पाणी काढायचं आणि तोंड खाली करून सावलीत वाळवायचे. आमचे मामीने भांड्यांचे स्पंज समजून सिंकजवळ नेऊन ठेवले होते, एका फोमने कढई घासलीसुद्धा. तो पॅड आता किचनचाच.